भिंतीवरची सरस्वती कोणाची ?

नवरात्र आठ दिवसांवर आलें म्हणजे आमच्या घरीं भिंतींवरच्या सर्व तसबिरी खालीं उतरतात. काचा पुसावयाच्या, चौकटींना तेलाचा हात द्यावयाचा, मागच्या फळीला वाळवी लागली आहे कीं काय तें पाहावयाचें, आणि मूळ नक्षत्रावर सरस्वतीचें आवाहन होण्यापूर्वीं ज्याची त्याला खुंटी परत द्यावयाची, ही आमच्या आजीनें घालून दिलेली शिस्त. आजी जाऊन पुष्कळ वर्षें झालीं; शिस्त राहिली. कळंबासारख्या तालुक्याच्या गांवीं ज्या घरांत चार बिऱ्हाडांचें एका चुलीवर चालतें, तेथें असल्या शिस्तीवांचून निभाव लागत नाहीं, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

गतवर्षीं या तसबिरी उतरल्या, आणि त्यांच्या मागोमाग घरांत एक तंटाही उतरला. तो चित्रांचा होता, कायद्याचा होता, आणि थोडासा आपणां सर्वांच्या प्रामाणिकपणाचाही होता. म्हणून या महिन्यांत तोच वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या माजघरांतील सरस्वती ही या सर्व तसबिरींत वडील. राजा रविवर्म्याच्या चित्राचा तो रंगीत शिळाछाप. आमच्या पणजोबांनीं बार्शीच्या पेठेंतून आणलेला. रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला. पुढें तो लोणावळ्यानजीक मळवलीस नेण्यांत आला, व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन कारागिरानें तो विकत घेतला. प्रत्येक रंगाकरितां वेगळी शिळा, आणि एकाच कागदावर एकामागून एक शिळांचे ठसे अचूक जुळवीत जावयाचें, असें तें मोठें किचकट काम होतें. परंतु त्या कामामुळेंच, जीं चित्रें एरवीं एखाद्या संस्थानिकाच्या महालांत राहिलीं असतीं, तीं त्या वेळच्या निजामी मुलखांतल्या एका साध्या गृहस्थाच्या माजघरापर्यंत येऊन पोंचलीं. १९७२ सालीं तो छापखाना आगींत जळाला. छापलेलीं चित्रें मात्र घरोघर राहिलीं.

आमच्या प्रतीची एक खूण आहे. आजीनें सरस्वतीच्या पांढऱ्या पातळाच्या कांठावर खरी जर चिकटविली आहे, आणि गळ्यापाशीं बारीक टिकल्या बसविल्या आहेत. त्या काळीं अशा तसबिरी सजविण्याचा पुष्कळ घरीं परिपाठ होता. टिकल्यांपैकीं तीन आतां गळून पडल्या आहेत, व त्यांच्या जागीं डिंकाचे पिवळे डाग तेवढे दिसतात. या तीन डागांचें काम पुढें पडणार आहे, तेव्हां वाचकांनीं ते ध्यानांत ठेवावे.

आमच्या मधल्या बंधूंचा मुलगा पुण्यास शिकतो. तो त्या वेळीं सुटीसाठीं घरीं आला होता. अंगणांत ओळीनें मांडलेल्या तसबिरी पाहून त्याच्या मनांत आलें कीं, या सर्वांचे मोबाईलवर नीट फोटो घ्यावे, आणि इंटरनेटवर ‘आमच्या घरच्या तसबिरी’ या नांवानें एक संग्रह उघडावा. कल्पना सुंदर होती. वाळवीचा व ओलीचा तेथें शिरकाव नाहीं; आणि परगांवीं व परदेशीं गेलेल्या माणसांनाही घरची भिंत बसल्या जागीं पाहावयास मिळते. दोन दिवसांत त्यानें चाळीस चित्रें चढविलीं. तसबिरी, जुन्या दिवाळी अंकांचीं मुखपृष्ठें, दिनदर्शिकांवरचीं चित्रें, जें जें हातीं लागलें तें तें. घरांतील सर्वांनीं कौतुक केलें. आम्हींही केलें, आणि त्याला एकही प्रश्न विचारला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पांचव्या माळेच्या दिवशीं सकाळीं तो मोबाईल हातांत घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशीं उभा राहिला. चेहरा उतरलेला. चित्रें विकणाऱ्या एका परदेशी संस्थेच्या वतीनें इंग्रजी पत्र आलें होतें. आमच्या संग्रहांतील सरस्वतीच्या चित्रावर त्या संस्थेचा कॉपीराइट आहे; सबब तें चित्र संकेतस्थळावरून उतरविण्यांत आलें आहे; असा प्रकार पुन्हां घडल्यास संग्रह कायमचा बंद होईल; आणि चित्र वापरावयाचेंच असल्यास अमुक ठिकाणीं पैसे भरून परवाना घ्यावा, असा मजकूर त्यांत होता.

घरांत एकच गलका झाला. वहिनी म्हणाल्या, “काढलें तर काढलें. आपली सरस्वती भिंतीवर आहे ना ? शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये.”

हें ऐकून आमचे ज्येष्ठ बंधु अण्णा हंसले. “चाळीस वर्षें त्या पायरीवर बसलों म्हणून ही चूल पेटली, हें विसरतां तुम्ही,” असें म्हणून त्यांनीं चष्मा लावला. अण्णांनीं येथल्याच कोर्टांत वकिली केली. आतां ते घरींच असतात. पुतण्याला जवळ बसवून ते म्हणाले, “त्यांचें म्हणून जें चित्र आहे, तें काढ पाहूं.”

दोन्हीं चित्रें शेजारीं शेजारीं आलीं. तोच खडक, तोच मोर, तीच वीणा. अण्णांनीं दोन बोटांनीं चित्र मोठें केलें आणि म्हणाले, “यांच्या सरस्वतीला आपल्या आजीची जर नाहीं, टिकल्या नाहींत, आणि हे तीन डागही नाहींत. मग तूं यांचा फोटो उचललास कोठून ?”

पुतण्यानें मग आम्हां वडील माणसांस या यंत्राची रीत समजावून दिली, ती जाणून घेण्याजोगी आहे. संगणक माणसासारखें चित्र पाहात नाहीं. चित्रांतील उजेड, अंधार, रंग व रेषा यांचे तो आंकडे करतो, आणि त्या आंकड्यांचा एक ठसा जतन करून ठेवतो. मग जगभरच्या कोट्यवधि चित्रांतून तसाच ठसा जेथें जेथें आढळेल तेथें तेथें बोट दाखवितो. एखाद्या तरुण छायाचित्रकाराचें चित्र कोणी चोरलें असेल, तर याच रीतीनें त्याचा माग लागतो. तेव्हां यंत्र वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोन चित्रें सारखीं आहेत एवढेंच तें सांगतें. त्यांपैकीं कोणाचें कोणतें, हें त्याला ठाऊक नसतें. तें ठरविणें माणसाचें काम. आणि पत्र धाडणाऱ्या माणसानें तें काम केलेंच नव्हतें.

अण्णांनीं त्या दुपारीं कायद्याची जी फोड केली, ती थोडक्यांत अशी. आपल्या देशांत या विषयाचा मुख्य कायदा १९५७ चा. चित्रकार हयात असेपर्यंत, आणि त्याच्या मृत्यूनंतर येणाऱ्या वर्षारंभापासून पुढें साठ वर्षें, चित्रावर हक्क चालतो. नंतर तें चित्र सर्वांचें होतें. रविवर्मा १९०६ सालीं वारला. तेव्हां त्याच्या सरस्वतीवर आज कोणाचाही हक्क उरलेला नाहीं. पुदुच्चेरीपासून पॅरिसपर्यंत वाटेल त्यानें ती छापावी.

“पण ते म्हणतील, चित्र जुनें असेना, त्याचा आम्ही काढलेला फोटो नवा आहे,” पुतण्या म्हणाला.

“म्हणतातच,” अण्णा म्हणाले. “न्यूयॉर्कच्या न्यायालयांत १९९९ सालीं ब्रिजमन या चित्रसंग्रहानें हाच दावा लावला होता. न्यायाधीशानें सांगितलें कीं, सपाट चित्राची जशीच्या तशी नक्कल करण्यांत कौशल्य असेल, परंतु स्वतःचें म्हणण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. सबब नवा हक्क नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही २००७ सालीं ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यांत ठरविलें कीं, नुसते श्रम केले व पैसा खर्चिला म्हणून हक्क उत्पन्न होत नाहीं. थोडी तरी आपली बुद्धि त्यांत उतरली पाहिजे. तो खटला निवाड्यांच्या पुस्तकांचा होता, चित्रांचा नव्हे. परंतु तत्त्व येथें लागतें असें माझें मत आहे.”

आणखी दोन गोष्टी त्यांनीं सांगितल्या, त्या प्रत्येक घरीं ठाऊक असाव्या. आपल्याकडे २०१२ सालीं कायद्यांत सुधारणा झाली व २०१३ सालीं तिचे नियम झाले. त्यांप्रमाणें कोणी लेखी तक्रार केली म्हणजे संकेतस्थळाच्या चालकानें खात्री पटल्यास ३६ तासांत तें चित्र दृष्टीआड करावें. परंतु तक्रार करणाऱ्यानें २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाहीं, तर तें पुन्हां मांडण्यास चालक मोकळा आहे. दुसरी गोष्ट त्याच कायद्याच्या साठाव्या कलमाची. हक्क नसतां कॉपीराइटचा धाक घालणाऱ्यावर, ज्याला धाक घातला त्यालाच दावा लावतां येतो व नुकसानभरपाईही मागतां येते. हें कलम जुनें आहे. परंतु ज्यांच्या उपयोगाचें तें आहे, त्यांपैकीं फारच थोड्यांना त्याची वार्ता असते.

आमचें संकेतस्थळ अमेरिकेंतलें असल्यामुळें तेथल्या १९९८ च्या कायद्याप्रमाणें उलट जबाब देण्याची सोय होती. अण्णांनीं जबाब मराठींत सांगितला, पुतण्यानें इंग्रजींत लिहिला, आणि सोबत डागांचा मोठा केलेला फोटो जोडला. सुमारें तीन आठवड्यांनीं सरस्वती संकेतस्थळावर पुन्हां दिसूं लागली. चूक झाली असें कोणी लिहिलें नाहीं. क्षमा तर दूरच राहिली.

या प्रकरणावर विचार करतां आम्हांस आपल्याकडील गायरानाची आठवण झाली. एखाद्याच्या शेतांत ढोर शिरलें तर मालक काठी घेऊन धांवतो. परंतु गायरानांत कोणी कुंपण घातलें, आंत जाण्याचे पैसे घेऊं लागला, तर भांडावयाचें कोणीं ? तें सर्वांचें असतें, म्हणून कोणा एकाचें नसतें; आणि कोणा एकाचें नसतें, म्हणून त्याला वकील नसतो. जुनीं चित्रें हें आपल्या सर्वांच्या डोळ्यांचें गायरान आहे.

अमेरिकेंतल्या कॅरल हायस्मिथ या छायाचित्रकार बाईंची हकीकत या बाबतींत डोळे उघडणारी आहे. आपले हजारों फोटो या बाईंनीं तेथल्या राष्ट्रीय ग्रंथालयास देऊन टाकले; वाटेल त्यानें ते फुकट वापरावे, अशी त्यांची इच्छा. पुढें एका संस्थेकडून त्यांनाच पत्र आलें कीं, तुम्हीं आमचा फोटो परवान्यावांचून वापरला आहे, तरी १२० डॉलर भरा. तो फोटो स्वतः बाईंनींच काढलेला होता ! बाईंनीं २०१६ सालीं फिर्याद केली. परंतु त्यांनीं आपला हक्क लोकांस देऊन टाकला होता, म्हणून हक्क बुडविल्याचा त्यांचा दावा न्यायालयांत टिकला नाहीं. दान दिलेल्या विहिरीवर दुसऱ्यानें रहाट बसवून पाणी विकावें, आणि दात्याला त्याबद्दल दाद मागतां येऊं नये, असा हा न्याय !

संग्रहालयांची बाजू मात्र याहून निराळी आहे, व ती ऐकून घेतली पाहिजे. लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयानें २००९ सालीं एका अमेरिकन तरुणास वकिलाचें पत्र धाडलें. त्यानें त्यांच्या संकेतस्थळावरून सुमारें ३,३०० मोठीं चित्रें उतरवून विकिमीडियावर मांडलीं होतीं. चित्रें बहुतेक शतकांपूर्वींचीं. संग्रहालयाचें म्हणणें असें कीं, हे फोटो काढावयास आम्हांस पुष्कळ खर्च आला, आणि चित्रांच्या शुल्कांतून पुढील काम चालतें. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. जतन करणें फुकट होत नसतें. तरी पण उलट उदाहरणेंही आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयानें आपलीं जुनीं चित्रें लोकांस मोकळीं केलीं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें २०१७ सालीं एकदम ३,७५,००० चित्रें मोकळीं केलीं. आणि त्यामुळें त्यांचे दरवाजे बंद झाले नाहींत.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यापासून दूरचा नाहीं. तेरला श्री. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय आहे. त्या गृहस्थांनीं गांवच्या पांढरींतून मणी, खापरें, भाजक्या मातीच्या मूर्ति आयुष्यभर वेंचल्या. त्यांतून हा संग्रह उभा राहिला. तेर येथें सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति ही इटलींतल्या पाँपेई येथें १९३८ सालीं मिळालेल्या मूर्तीची बहीण शोभते, आणि दोघी मिळून आपल्या मुलखाच्या सातवाहनकालीन व्यापाराची साक्ष देतात. मूर्ति घडविणाऱ्याचा हक्क आतां कोणी सांगणार नाहीं. परंतु मूर्ति ही चित्रासारखी सपाट नसते. उजेड कोठून घ्यावा, कोन कोणता साधावा, हें फोटो काढणारा ठरवितो. म्हणून अशा फोटोवर त्याचा हक्क राहतो, व तो मानला पाहिजे. आपल्या देशांतल्या संग्रहालयांसाठीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें संगणकावर नोंदी व चित्रें ठेवण्याची जी रचना तयार केली, तिचें नांव ‘जतन’. नांव समर्पक आहे. परंतु जतन केलेलें कोणासाठीं, हा प्रश्न यंत्रानें सुटणारा नव्हे. सरकारी पैशानें सांभाळलेल्या दोन हजार वर्षांच्या मूर्तीचा एक चांगला फोटो शाळेच्या मुलास वहींत निःशंकपणें चिकटवितां यावा, असें आम्हांस वाटतें.

येथवर सर्व गुन्हा परक्यांचा होता, म्हणून घरांत उत्साह होता. परंतु अण्णा मोबाईल खालीं ठेवीनात. ते संग्रहांतील चित्रें एकामागून एक पाहूं लागले, आणि एका चित्राशीं थांबले. हातांत समई घेतलेली, बोटांच्या फटींतून उजेड झिरपणारी ती स्त्री सर्वांच्या ओळखीची आहे. खालीं पुतण्यानें लिहिलें होतें : ‘राजा रविवर्मा’.

“हें कोणीं सांगितलें ?”

“इंटरनेटवर सगळीकडे तसेंच आहे, काका.”

तें चित्र सावंतवाडीकडील सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें. जलरंगांतलें, १९४५-४६ च्या सुमाराचें, चित्रांत उभी आहे ती त्यांची कन्या, मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. ज्या रंगांत चुकीला क्षमा नाहीं, त्या रंगांत हळदणकरांनीं दिव्याचा उजेड रंगविला, आणि लोकांनीं तो उचलून दुसऱ्याच्या पदरांत घातला. शिवाय हळदणकर १९६८ सालीं वारले. साठ वर्षांचा हिशेब केला तर २०२८ अखेरपर्यंत त्या चित्रावर हक्क चालू आहे. म्हणजे आम्हीं नांवही चुकविलें आणि परवानगीही घेतली नाहीं.

पुढचीं पानें तर दिवाळी अंकांचीं होतीं. दीनानाथ दलाल १९७१ सालीं गेले, रघुवीर मुळगांवकर १९७६ सालीं. त्या दोघांच्या चित्रांची मुदत अनुक्रमें २०३१ व २०३६ अखेर संपते. मध्यंतरीं हक्क वारसांकडे असेल किंवा प्रकाशकाकडे, परंतु तो आहे खास. पुतण्यानें फाटलेल्या कडा वाईट दिसतात म्हणून मुखपृष्ठांचे कांठ कापले होते, आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यांतली चित्रकाराची सहीही कापली गेली होती. ‘दलाल’ हीं तीन अक्षरें कोपऱ्यांत दिसलीं म्हणजे आमच्या लहानपणीं अंक हातांतून हिसकावून घेतले जात. तीं अक्षरें आमच्याच घरांत, आमच्याच मुलानें, कचऱ्यांत टाकलीं.

पुतण्या गोंधळून म्हणाला, “पण काका, मीं पैसे थोडेच मिळविले ? आणि इंटरनेटवर हींच चित्रें शेंकड्यांनीं आहेत. तेथें आहे म्हणजे सर्वांचें, असेंच मला वाटलें.”

त्याचें हें उत्तर आम्हीं मनांत टिपून ठेवलें. अण्णा त्याला रागावले नाहींत. ते म्हणाले, “अभ्यासासाठीं, घरांतल्या घरांत पाहण्यासाठीं, एखाद्या चित्रावर लिहावयाचें तर दाखल्यासाठीं, कायदा मुभा देतो. सर्व जगापुढें मांडणें हें निराळें. आपण आतां एक करूं. ज्यांची मुदत संपली तीं राहूं देत. धुरंधर १९४४ सालीं गेले. त्यांचीं चित्रें २००५ पासून सर्वांचीं आहेत, तीं ठेव. बाकीचीं उतरव. आणि जीं ठेवशील त्यांखालीं चित्रकाराचें खरें नांव लिही.” चाळीसांतलीं तेवीस चित्रें त्या संध्याकाळीं खालीं आलीं. संग्रह लहान झाला. आमच्या मतें तो त्या दिवसापासून संग्रह झाला.

शेतकरी ज्याला बांध कोरणें म्हणतात, तें दोन्हीं बाजूंनीं होतें. गायरानाच्या बाजूनें मोठा माणूस कुंपण पुढें सरकवितो, आणि शेताच्या बाजूनें आपण नांगराचा एकेक फाळ आंत घालतों. परक्यानें कोरलेला बांध आपणांस लगेच दिसतो. आपण कोरलेला दिसावयास अण्णांसारखा कोणी जवळ बसावा लागतो.

हा धडा आम्ही शिकलों असें वाटत असतां यंदाच्या गणेशोत्सवांत त्याची दुसरी बाजू घरीं चालून आली. आमची धाकटी पुतणी चित्रें काढते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्हीं परीक्षा तिनें दिल्या आहेत. तिनें मांजरेच्या कांठीं उसाच्या मोळीवर बसलेला गणपति काढला, आणि कोपऱ्यांत आपलें नांव घालून मैत्रिणींना मोबाईलवर धाडला. चतुर्थीच्या दिवशीं तोच गणपति गल्लीच्या तोंडाशीं बारा फुटी फ्लेक्सवर अवतरला. कोपऱ्यांतलें नांव गेलें होतें, आणि त्या जागीं हात जोडलेल्या एका पुढाऱ्याचा हंसरा चेहरा आला होता.

मुलगी जेवली नाहीं. फ्लेक्स छापणाऱ्याकडे आम्ही गेलों, तर तो बिचारा प्रांजळपणें म्हणाला, “मोबाईलवर आलें होतें, साहेब. तेथें आहे म्हणजे सर्वांचें, असेंच मला वाटलें.” आमच्या पुतण्याचें वाक्य, अक्षर न बदलतां !

आतां येथें कायदा पूर्णपणें आमच्या बाजूस होता. कॉपीराइटसाठीं नोंदणी लागत नाहीं. चित्र काढलें त्या क्षणीं हक्क उत्पन्न होतो. शिवाय सत्तावन्नावें कलम असें आहे कीं, चित्र विकून टाकलें तरी तें माझें आहे असें म्हणण्याचा, आणि त्याची मोडतोड करून कोणी आपल्या लौकिकास बाध आणल्यास ती थांबविण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचें दिल्लीच्या विज्ञानभवनांतलें भित्तिशिल्प १९७९ सालीं सरकारनें उतरवून मोडतोड करून ठेविलें. २००५ सालीं उच्च न्यायालयानें तें त्यांस परत देवविलें आणि वर पांच लाख रुपये भरपाई दिली. सरकारलाही हें कलम चुकलें नाहीं. मग गल्लींतल्या मंडळाची काय कथा?

अण्णा नोटीस लिहावयास बसले. परंतु मंडळांतलीं मुलें शेजारच्याच घरांतलीं. पाळण्यांत असल्यापासून आमच्या ओसरीवर खेळलेलीं. उत्सवाच्या मध्यावर फ्लेक्स उतरविला असता, तर पुढचीं दहा वर्षें एकमेकांच्या घरचें हळदीकुंकू बंद पडलें असतें. वहिनींनीं पुतणीलाच विचारलें, “तुला काय पाहिजे तें सांग.” पंधरा वर्षांची ती पोर थोडा विचार करून म्हणाली, “माझें नांव लिहा. मोठ्या अक्षरांत. आणि छापण्याचे तुम्हीं जेवढे पैसे दिलेत, त्यांतले कांहीं मलाही द्या.”

पैशाची मागणी ऐकून आमच्या ओसरीवर कांहीं भुंवया उंचावल्या. ब्राह्मणाघरच्या मुलीनें गणपतीच्या चित्राचे पैसे मागावे ? आम्हांसही क्षणभर तें अवघड वाटलें. परंतु छापणाऱ्याला पैसे मिळाले, बांबू रोवणाऱ्याला मिळाले, वीजवाल्याला मिळाले; आणि ज्या हातानें गणपति काढला त्यालाच तेवढें पुण्य पुरावें, हा कोठला न्याय ? मुलीचें म्हणणें खरें होतें. मंडळाच्या मुलांनीं शिडी लावून रंगानें नांव लिहिलें, पुढाऱ्याच्या हनुवटीखालीं, वांकडें परंतु ठळक. पैसे अजून यावयाचे आहेत. आम्ही ते मागत राहणार आहोंत.

या दोन्हीं प्रसंगांतून आम्हांस जें उमगलें तें असें. हक्क बजावणें हें पाप नव्हे. परंतु बजावण्यापूर्वीं तो आपला आहे कीं नाहीं हें पाहणें, हें बजावणाऱ्याचें पहिलें कर्तव्य आहे. ज्या परदेशी संस्थेनें आमची सरस्वती उतरविली, तिनें हें पाहिलें नाहीं; तिच्यासाठीं तो एका यंत्राचा एक क्षण होता, आमच्यासाठीं तो घरच्या अब्रूचा प्रश्न झाला. पुतणीनें मागितलें तें आपलें असल्याची तिला पुरी खात्री होती, आणि शेजार मोडणार नाहीं एवढेंच तिनें मागितलें. पहिल्यानें धाक घातला, दुसरीनें न्याय मागितला. कायद्याचें पुस्तक दोघांच्याही हातीं एकच होतें.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः ज्या घरीं मुलांच्या हातीं मोबाईल आहे त्यांस, आम्ही एवढेंच सुचवितों. चित्र जगापुढें मांडण्यापूर्वीं मुलांना तीन गोष्टी विचाराव्या : हें कोणीं काढलें ? तो केव्हां गेला, कीं अजून आहे ? आणि त्याचें नांव कोठें लिहिलें आहेस ? आणि कोणी धाकाचें पत्र धाडलें, तर लगेच हात जोडूं नयेत व लगेच बाह्याही सारूं नयेत. आधीं चित्राचें कूळ पाहावें. जें दुसऱ्याचें असेल तें निमूटपणें परत करावें. जें सर्वांचें असेल तें मात्र सोडूं नये. कारण तें सोडतांना आपण एकट्याचें सोडीत नसतों.

असो. नवरात्र पुन्हां दाराशीं आलें आहे. परवां तसबिरी उतरल्या तेव्हां पुतणी टिकल्यांची डबी घेऊन आली, आणि सरस्वतीच्या गळ्यापाशीं गळालेल्या तीन टिकल्या नव्या बसवूं कां, असें विचारूं लागली. वहिनींनीं डबी बाजूस ठेवली. “राहूं देत ते डाग,” त्या म्हणाल्या. “उद्यां पुन्हां कोणी आमची सरस्वती आपली म्हणाला, तर साक्षीला उपयोगी पडतील.” ज्या वहिनी कोर्टाच्या पायरीला भीत होत्या, त्यांच्या तोंडून हें ऐकून अण्णांनीं चष्मा काढला, पुसला, आणि कांहीं न बोलतां पुन्हां लावला.